डावी फळी

बोटीत आप्पा कायम उलटा बसायचा. बोटीचं तोंड पुढं, आप्पाचं मागं. ते बरोबरच होतं. मागं पाण्यावर घसरत, दोरी धरून फळ्यांवर जे माणूस उभं असतं, त्याच्यावर एकाची नजर लागतेच. बोट चालवणाऱ्यानं पुढं बघायचं, मान वळवायची नाही. पण दुसरे लोक मागं बघतात आणि ओरडून सांगतात. आप्पा ओरडायचा नाही. बैलगाड्याच्या शर्यतीत घाटावर जमलेला सगळा गाव टोप्या उडवायचा, शिट्ट्या मारायचा, आणि हा एकटा गप्प. पळत्या जनावराच्या मागून आवाज दिला की त्याचं ध्यान मागं येतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून बोटीत तो माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा, हात मागं टाकून माझ्या खांद्यावर ठेवायचा आणि त्या हातानंच बोलायचा. थाप म्हणजे सावकाश. बोटं टोचली म्हणजे वेग दे. मूठ आवळली म्हणजे माणूस पडलं.

त्या सकाळी त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि मला तिथंच कळलं की काहीतरी बिघडलंय. हात गार होता.

मी विचारलं, "काय रं?"

"काय न्हाय. चल तू."

आता आप्पा नाही. लोक त्याच्याबद्दल काहीबाही सांगतात, हसतात. हसण्यासारखा माणूस होताच तो. पण त्या सकाळी बोटीत मी होतो, हसणारे नव्हते.

आप्पा ओझरच्या अंगाचा. येडगाव धरणाचं पाणी त्याच्या रानाला येऊन टेकतं. मी बोरी बुद्रुकचा. आळेफाट्यावर पंप आणि इंजिन दुरुस्तीचं माझं दुकान, म्हणून सगळे मला मिस्तरी म्हणतात. शाळेत मी फार गेलो नाही, पण मी जोडलेलं इंजिन परत उघडावं लागलं असं कुणी सांगून दाखवावं. आप्पाची मोटर जळाली तेव्हा ओळख झाली आणि भांडत भांडत टिकली.

त्याची मोठी खोड म्हणजे जोड. बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायचे झाले की लोक आप्पाला गाडीत घालून न्यायचे. दोन बैल शेजारी उभे करायचे. आप्पा मागं जाऊन उकिडवा बसायचा आणि विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत नुसता बघायचा. शिंगं, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. मग विडी विझवून म्हणायचा, "न्हाय. जोड सारखा न्हाय. गाडा वाकडा जाईल." झालं, सौदा मोडला. बैलाचा मालक शिव्या घालायचा, आप्पा पुढच्या दावणीला जायचा. त्याच्या तोंडून 'न्हाय' सोडून दुसरं काही निघालेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

हे बैलांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. डाव्या चपलेचा अंगठा तुटला की तो उजव्या चपलेचा धडका अंगठाही काढायला लावायचा आणि दोन्हीला नवे बसवून घ्यायचा. डावी दाढ काढली तेव्हा डॉक्टरांना म्हणाला, "उजवीकडची बी काढा." डॉक्टर म्हणाले, "आप्पा, ती चांगली आहे." तर हा म्हणतो, "आवो, पर एकटी काय करंल ती?" मोतीबिंदूचं तर विचारूच नका. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं मागाहून करू म्हणाले. तोवर हा नव्या डोळ्यावर फडकं बांधून फिरला, जुन्या डोळ्यानं ठेचकाळत. "एकानं लख्ख आन् एकानं धुकट, आसं बघायचं नसतं," म्हणायचा. त्याची नात प्रतीक्षा पोट धरून हसायची.

त्याची स्वतःची जोडी होती हरण्या आणि चांद्याची. हरण्या डावा, चांद्या उजवा. दोघांना शेजारी उभं केलं की कोण कुठला ते घरच्यांना सांगता यायचं नाही. शर्यती बंद होत्या त्या काळात हरण्या गेला. काय चावलं कळलं नाही, सकाळी दावणीला आडवा पडला होता. पोरगा म्हणाला, चांद्याला चांगलं गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू. आप्पानं दिला नाही. बरं, दुसरा बैल आणून चांद्याशेजारी जुंपावा, तर तेही नाही. किती बैल आणून उभे केले. आप्पा उकिडवा बसायचा, विडी ओढायचा, "न्हाय." चांद्या उजव्या खुंट्याला बसून खात राहिला. डावा खुंटा तसाच. त्या मोकळ्या खुंट्यापुढं आप्पा रोज सकाळी वैरणीची पेंढी टाकायचा, जरा वेळानं उचलायचा आणि चांद्यापुढं ठेवायचा.

मी एकदा म्हणालो, "आरं, एकबैली छकड्याला तरी लाव त्याला. बसून बसून सडंल तो."

आप्पा म्हणाला, "एकट्यानं पळणं ह्ये पळणं नसतं, मिस्तरी. ती नुसती वढ असती." आणि पुढं बरेच दिवस माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.

ओझरच्या गणपतीला येणाऱ्या लोकांना पाण्यावर फिरवायला एका ठेकेदारानं बोटी आणल्या होत्या. त्याचं काही जमलं नाही. तो गेला, एक मोटारबोट बिघडून काठाला पडून राहिली. तिचं इंजिन मी उघडलं आणि चालू केलं. त्या बोटीत जुन्या लाकडी फळ्या होत्या. पाण्यावर उभं राहून घसरत जायच्या. स्की म्हणतात त्यांना, आम्ही फळ्याच म्हणायचो. प्रतीक्षा त्यांवर उभी राहिली ती राहिलीच. गावात टवाळी झाली. "आप्पा, शर्यती बंद झाल्या म्हून नातीला जुपली का काय?" आप्पा उत्तर द्यायचा नाही. बोटीत उलटा बसून तासन्‌तास बघायचा. दोन फळ्या एका रेषेत, एका उंचीवर, मागं पाण्याच्या दोन सारख्या ओळी. एकदा उतरताना मला हळूच म्हणाला, "हरण्या-चांद्या आसंच जायाचं."

मग मालवणकडून निरोप आला. तिथं पाण्याचे खेळ शिकवतात, त्यांना शिकवायला मुलगी हवी होती. राहणं, पगार, सगळं. त्यांच्या एक मॅडम येऊन बघणार होत्या. अट अशी की दोन फळ्यांवर उठायचं, चालत्या बोटीमागं एक फळी सोडून द्यायची आणि उरलेल्या एकीवर दोन्ही पाय ठेवून लांब पाण्यात तरंगत बांधलेल्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून यायचं. जमलं तर नोकरी. नाहीतर बाप तिला नारायणगावातल्या एका दुकानात गल्ल्यावर बसवणार होता, बोलणं झालं होतं. ती मला म्हणाली होती, "मिस्तरीबाबा, त्या गल्ल्यामागं बसले ना, तर मी परत उठायची नाही."

जुन्या फळ्यांवर तिनं एका फळीचं करून बघितलं होतं. त्यांना मागचा पाय अडकवायला काहीच नव्हतं. पाय निसटला, फळी उलटून हनुवटीवर आली, टाके पडले. त्या दिवशी तिला बोटीत ओढून घेताना आप्पाचं धोतर रक्तानं भिजलं होतं. तेव्हा नवी जोडी घ्यायचीच असं ठरलं, आणि आम्ही तिघं माझ्या टेम्पोतून पुण्याला गेलो.

दुकानदार तरुण होता. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "वजन किती?"

आप्पा भडकला. "पोरीला वजन इचारतो व्हय रं?"

"काका, वजनावर लांबी ठरते. भारी माणसाला लांब, हलक्याला आखूड. रुंद घेतली तर उठायला सोपं, पण वळताना आडमुठी."

"आप्पा, बरोबर आहे त्यांचं," प्रतीक्षा म्हणाली आणि वजन सांगून मोकळी झाली. पाय मावेल तसा रबराचा बूट पुढं-मागं सरकवता येतो अशी एक मधल्या रुंदीची जोडी तिनं काढली. पाय घालून बघितला, वाकून बघितलं. तिचं तोंडच सांगत होतं.

आप्पानं त्या दोन फळ्या भिंतीला उभ्या केल्या आणि समोर उकिडवा बसला. विडी काढली. दुकानदार म्हणाला, "काका, इथं नाही ओढता येणार." आप्पा न पेटवता तोंडात धरून बसला. पोरं बघायला गोळा झाली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "न्हाय. ह्या उजवीला मागं एक पट्टा जास्ती हाय. डावीला न्हाय. खोड हाय ही."

"खोड नाही काका, ती अशीच असते. कॉम्बो आहे. डावी सोडली की डावा पाय उचलून उजवीवर मागं ठेवायचा आणि त्या पट्ट्यात घालायचा."

"डावी सोडली की? कुठं सोडली?"

"पाण्यात. मग बोट जाऊन घेऊन येते."

आप्पानं माझ्याकडं बघितलं, जणू मीच काही पाप केलंय. "सोडूनच द्यायची तर जोडी कशाला करत्यात रं?"

दुकानदारानं दुसरी जोडी आणली, पट्टा नसलेली, एकसारखी. आप्पाचा चेहरा खुलला. "ही बघ. ह्याला म्हंत्यात जोड."

"आप्पा," प्रतीक्षा म्हणाली, "मला तीच पाहिजे. तीच, नाहीतर काहीच नको. चला घरी."

आजानातीची मान सारखीच ताठ. मी मध्ये पडलो नाही. शेवटी आप्पा उठला, खांद्यावरचा पंचा काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि पंच्याखालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात असाच भाव करतात, बोटं दाबून, दुसऱ्याला दिसू नये म्हणून. तो पोरगा घाबरून हात ओढायला लागला. प्रतीक्षा हसली, मी हसलो. आप्पा हसला नाही. परत येताना फळ्या मांडीवर आडव्या घेऊन बसला होता, आणि सबंध रस्ता त्याचा अंगठा त्या मागच्या पट्ट्यावर फिरत होता.

घरी आल्यावर त्या फळ्यांवर तिचा एक-दोनदाच सराव झाला. डावी सोडायची, पट्ट्यात पाय घालायचा, सरळ जायचं. जमत होतं, पण पिंपाला वळसा घालताना डगमगायची. प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर मूठ आवळली जायची, पोरगी पडलेली नसताना.

मॅडम आल्या. चांगल्या होत्या, पण म्हणाल्या बोट आमचा माणूस चालवेल. मी म्हणालो, "इंजिन माझ्या हातचं आहे. ह्याला दुसऱ्याचा हात लागणार नाही." त्या जरा बघत राहिल्या आणि मग बरं म्हणाल्या. मी हटलो असतो तर पुढचं काय झालं असतं मला सांगता येत नाही.

प्रतीक्षा जाकीट घालून पाण्यात उतरली. फळ्या आप्पानं सकाळी आपल्या हातानं आणल्या होत्या, पोत्यात गुंडाळून. टोकांना हळदकुंकू लावलेलं. त्यानंच वाकून एकेक फळी पाण्यात तिच्याकडं सरकवली. पाणी हिरवं, गढूळ. तिनं चाचपून बुटात पाय घातले, टोकं वर काढली, दोरी धरली. मागचा भाग पाण्याखाली, कुणालाच दिसायचा नाही. आप्पा उलटा बसला, हात माझ्या खांद्यावर टाकला. तोच गार हात.

दोरी ताणली. मी वेग देऊन इंजिन उचललं. खांद्यावर बोटं टोचली नाहीत, थापही नाही, हात नुसता पडलेला. बोटीचा आवाज हलका झाला तेव्हा मला कळलं की ती उठली. काठावरून टाळ्या ऐकू आल्या. सरळ पाण्यावर आलो. आता ती डावी सोडणार.

आप्पानं माझा सदरा मुठीत धरला. खांदा नाही, सदरा. असा इशाराच नव्हता आमच्यात.

मी मान वळवली. डावी फळी सुटून मागं पडली होती. प्रतीक्षा उजवीवर होती आणि तिचा डावा पाय मागं पट्टा शोधत होता. फळीवर टेकला, घसरला, पाण्यात फरफटला, परत टेकला. पट्टा नव्हताच. तिनं खाली बघितलं. मग नुसतं पाणी उडालेलं दिसलं.

पडलेल्या माणसानं हात वर करायचा असतो, म्हणजे ठीक आहे असं समजायचं. केशरी जाकीट दिसत होतं. हात वर आला नाही. मी बोट वळवली. जवळ गेल्यावर इंजिन बंद करावं लागतं, नाहीतर पंखा लागतो. बंद केलं आणि बोट आपल्या वेगानं सरकत राहिली. इतकी सावकाश, की मला वाटलं उडी टाकावी. आप्पा उभा राहिला होता.

तिनं तोंड वर केलं. शुद्धीवर होती. हनुवटीचा जुना वण पांढरा पडला होता. हात उचलला नव्हता तो रागानं.

"पट्टा कुठंय?"

आप्पाचा हात कोपरीच्या खिशाकडं गेला.

"आप्पा, पट्टा कुठंय? तुम्ही काढलात. मुद्दाम काढलात, मी जाऊ नये म्हणून."

"मुद्दामच काढला," आप्पा म्हणाला. "पर जाऊ न्हाय म्हून न्हाय. पडू न्हाय म्हून. पट्टा न्हाय म्हनल्यावर तू एक सोडनार न्हाईस आसं वाटलं. दोन्हीवर तू कशी जातीस ते त्या बाईनं बघितलं आसतं ना, तर दुसरं काय मागितलंच नसतं तिनं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगनार व्हतो. ह्यानं इंजिन उचाललं."

"माझ्यावर ढकलू नको," मी म्हणालो.

काठावरून मॅडमची शिट्टी आली. "काय झालं? लागलं का? अजून एकदाच बघते, मग मला निघायचंय."

आप्पानं कोपरीच्या खिशातून फडक्याची गाठ काढली. आत तो रबराचा पट्टा आणि त्याचे स्क्रू, तेल लावून पुसलेले. माझ्याकडं पान्हे-पेचकस कायम असतातच. उजवी फळी बोटीत ओढून घेतली, आडवी धरली. प्रतीक्षा बोटीच्या कडेला लोंबकळत बघत होती. स्क्रूची भोकं मला सापडेनात. मग दिसली. आप्पानं ती मेणबत्तीच्या मेणानं भरून वरून घासून सपाट केली होती. भोकातून पाणी शिरून फळी खराब होऊ नये म्हणून. इतकी नीट, की डोळ्याला कळत नव्हती.

प्रतीक्षानं त्या मेणावरून नख फिरवलं. मग डोक्यातली पिन काढून माझ्या हातात दिली. मी मेण उकरलं, पट्टा बसवला, हिसका देऊन बघितला.

"घट्ट हाय का?" आप्पानं विचारलं.

"मी बसवलाय," मी म्हणालो.

ती पाण्यातून म्हणाली, "आप्पा, नजर काढायची नाही माझ्यावरनं. पडले तर तुम्हीच ओढायचं."

डावी फळी गोळा केली. परत दोरी ताणली. परत हात खांद्यावर, अजून गारच. ती उठली. सरळ पाण्यावर आलो. दुसऱ्यांदा मी मान वळवणार नव्हतो.

आणि जन्मात पहिल्यांदा आप्पा पळत्याच्या मागून ओरडला. "मिस्तरी! थांब! डावी ऱ्हायली! डावी मागं ऱ्हायली!"

"गप बस!" मी ओरडलो. "पोरीकडं बघ!"

हात खांद्यावरून गेला. मला मागचं काहीच कळेना. ती आहे का पडली, आप्पा तिच्याकडं बघतोय का त्या तरंगत्या फळीकडं, काही नाही. नुसता इंजिनाचा आवाज आणि पिवळं पिंप जवळ येतंय. वळायची वेळ झाली. सावकाश घ्यावं का वेगात, हे मला त्या हातानं सांगायचं होतं. वळताना वेग कमी पडला तर फळी बुडते, जास्त झाला तर माणूस फेकलं जातं.

मग खांद्यावर बोटं टोचली. एकदा, आणि परत जोरात. वेग दे.

मी दिला. पिंप डाव्या हाताला गेलं. दोरी कर्रकन बाजूला ओढली गेली, बोट एका अंगाला झुकली आणि सरळ झाली. बोटं अजून टोचतच होती. काठ आला, टाळ्या आल्या, तेव्हा मी मागं बघितलं. ती एका फळीवर उभी होती आणि पाण्यावर एकच ओळ होती.

तिला काठावर सोडून आम्ही डावी फळी आणायला गेलो. आप्पानं ती स्वतः उचलली आणि पंच्यानं पुसली.

मालवणला जाताना तिनं उजवी तेवढी नेली. आळेफाट्यावर बस लागली तेव्हा डावी आप्पाच्या हातात देऊन म्हणाली, "ही तुमच्याकडं राहू दे. मला लागत नाही." बस गेली तरी आप्पा फळी उभी धरून तिथंच उभा होता. येणारे-जाणारे विचारत होते, "काय आप्पा, काय इकायला आनलंय?"

पोळ्याला मी त्याच्याकडं गेलो. चांद्याला धुतलं होतं, शिंगं रंगवली होती, अंगावर झूल टाकली होती. आणि डाव्या खुंट्याला ती फळी उभी बांधली होती. धुतलेली, हळदकुंकू लावलेली, बुटावर बाशिंग. दोघांपुढं पुरणपोळीचा निवद ठेवला होता.

"आरं, ह्ये काय?" मी म्हणालो. "ही काय जोड हाय का? एकाला चार पाय, एकाला एक बूट."

आप्पा मागं जाऊन उकिडवा बसला. विडी पेटवली. विडी संपेपर्यंत नुसता बघत राहिला. मग विझवली आणि म्हणाला,

"चालंल."